गुप्तवार्ताकार्यातील खाजगी कंत्राटदार

शासनाच्या गुप्तवार्ता संघटनांना लागणारी साधने, सेवा व मनुष्यबळ करारान्वये मोबदला घेऊन पुरविणाऱ्या खाजगी कंपन्या व व्यक्ती यांचा समावेश या संज्ञेत होतो. परराष्ट्रांच्या व शत्रुगटांच्या हालचालींची माहिती मिळविणे, ती पारखून तिचा अर्थ लावणे व निर्णयासाठी राज्यकर्त्यांपुढे ठेवणे, हे काम आधुनिक राज्यसंस्थेने सामान्यतः आपल्या पगारी नोकरांकडे राखून ठेवले आहे. ते गुप्तपणे चालते, त्यासाठी एरवी कायद्याने वर्ज्य असलेले मार्गही पुष्कळदा अवलंबिले जातात आणि त्यातील चूक वर्षानुवर्षे उजेडात येत नाही. म्हणून ते करणारा मनुष्य शपथ, सेवानियम व वरिष्ठांची साखळी यांनी शासनाशी बांधलेला असावा, अशी त्यामागील भूमिका होय. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि विशेषतः २००१ नंतर, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या कामाचा मोठा हिस्सा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांकडे गेला. ही प्रक्रिया तेथे पुष्कळच पुढे गेली असल्यामुळे आणि तिच्यासंबंधीचे चौकशी-अहवाल व न्यायनिर्णय तेथे मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध झालेले असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने त्याच देशाचा विचार केला आहे.

कंत्राटदार हा शब्द या संदर्भात काहीसा सैलपणे वापरला जातो. पैसे घेऊन बातमी देणारा खबऱ्या हा कंत्राटदार नव्हे. हेरखात्यानेच गुप्तपणे स्थापन केलेली वा विकत घेतलेली कंपनीही नावापुरतीच खाजगी असते. उदा., एअर अमेरिका ही विमानकंपनी सीआयए या अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तवार्ता संघटनेच्या मालकीची होती. आग्नेय आशियातील युद्धकाळात तिने त्या संघटनेची वाहतूक केली व १९७६ मध्ये ती गुंडाळण्यात आली. खऱ्या अर्थाने खाजगी असलेल्या कंत्राटदारांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग वस्तू पुरविणाऱ्यांचा असून त्यात विमाने, उपग्रह, संगणक, इमारती इत्यादींचा पुरवठा येतो. दुसऱ्या वर्गातील कंपन्या माणसे पुरवितात. ही माणसे सरकारी कचेरीत, सरकारी नोकराच्या शेजारच्या मेजावर बसून त्याच्यासारखेच काम करतात. मात्र त्यांच्या ओळखपट्टीचा रंग निराळा असतो आणि त्यांचा पगार कंपनी देते. वादाचा विषय झाला आहे तो मुख्यतः हा दुसरा वर्ग.

इतिहास : खाजगी माणसांकडून राज्यासाठी बातम्या काढविण्याची प्रथा जुनी आहे. व्यापारी कंपनीने राजकीय गुप्तवार्ता गोळा करणे ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासालाही अपरिचित नाही. पुण्याच्या पेशवे दरबारातील चार्ल्स मॅलेट किंवा मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांसारखे रेसिडेंट हे ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर होते. पण ती कंपनी स्वतःच राज्यकर्ती होऊन बसली होती, म्हणून तिचे उदाहरण येथे पूर्णपणे लागू पडत नाही. आजच्या कंत्राटदाराशी अधिक जवळचे नाते ॲलन पिंकर्टन (१८१९–८४) याचे आहे. ग्लासगो येथे जन्मलेल्या पिंकर्टनने १८५० मध्ये शिकागो येथे खाजगी गुप्तहेरसंस्था काढली. अमेरिकन यादवी युद्धात सेनापती जॉर्ज मक्लेलन याच्यासाठी त्याने शत्रूच्या सैन्याची माहिती मिळविण्याचे काम केले. दक्षिणेच्या सैन्यबळाचे त्याचे अंदाज प्रत्यक्षाहून फारच फुगलेले होते आणि मुळातच सावध असलेल्या मक्लेलनच्या संकोचाला त्यांनी दुजोरा दिला. मालकाला जे पटेल तेच पुरविण्याचा मोह भाडोत्री हेराला अधिक असतो काय, हा प्रश्न त्या काळापासून चर्चिला जातो.

पुढे पिंकर्टनची संस्था कारखानदारांच्या बाजूने संप मोडण्याचे काम करू लागली. पेनसिल्व्हेनिया राज्यातील होमस्टेड येथील पोलाद कारखान्याच्या संपात जुलै १८९२ मध्ये तिचे सु. ३०० लोक व कामगार यांच्यात सशस्त्र चकमक होऊन दोन्ही बाजूंची माणसे मेली. या घटनेने लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि १८९३ मध्ये काँग्रेसने पिंकर्टन संस्थेच्या वा तत्सम संघटनेच्या नोकरांना केंद्र शासनाने कामावर घेऊ नये, असा कायदा केला. तो रद्द झाला नाही. परंतु १९७७ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने त्याचा अर्थ इतका संकुचित केला की, भाडोत्री सशस्त्र दल पुरविणाऱ्या संघटनांपुरताच तो उरला. चौकशी व माहिती-संकलन करणाऱ्या कंपन्यांना त्यामुळे मार्ग मोकळा राहिला.

शीतयुद्धाच्या काळात खाजगी उद्योगाचा गुप्तवार्ताकार्यातील वाटा मोठा होता, पण तो बहुतांशी वस्तूंच्या स्वरूपात होता. अत्युच्च उंचीवरून छायाचित्रे घेणारे यू-२ विमान लॉकहीड कंपनीने सीआयएसाठी तयार केले व ऑगस्ट १९५५ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. अशाच विमानातून जाणारा वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स १ मे १९६० रोजी सोव्हिएट प्रदेशात पाडला गेला. ‘करोना’ या पहिल्या यशस्वी छायाचित्रण-उपग्रहमालिकेत लॉकहीडबरोबरच कॅमेऱ्यासाठी आयटेक व फिल्मसाठी ईस्टमन कोडॅक या कंपन्या सहभागी होत्या. १९६० ते १९७२ या काळात या उपग्रहांनी घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली करण्यात आली. ही यंत्रे कंपन्यांनी बनविली. त्यांचे डोळे कोठे वळवावयाचे व दिसलेल्याचा अर्थ काय करावयाचा, हे शासनाचे अधिकारी ठरवीत. तथापि वस्तू बनविणाऱ्यालाही गुपिते सांगावी लागतातच. कॅलिफोर्नियातील टीआरडब्ल्यू या कंपनीचा तरुण कर्मचारी क्रिस्टोफर बॉइस याने उपग्रहांविषयीची गुपिते एका मित्रामार्फत मेक्सिको सिटीतील सोव्हिएट वकिलातीला विकली व जानेवारी १९७७ मध्ये तो पकडला गेला.

वाढीची कारणे : अमेरिकन प्रशासनाने १९५५ पासूनच असे धोरण स्वीकारले होते की, जे काम बाजारात विकत मिळते ते शासनाने स्वतः करू नये. १९६६ मध्ये त्याला परिपत्रकाचे निश्चित रूप मिळाले. या धोरणाला एक मर्यादा घातलेली होती : सार्वजनिक हिताशी इतके निगडित असलेले कार्य की, जे शासकीय नोकरानेच केले पाहिजे, ते बाहेर देता येत नाही. अशा कार्यास ‘अंगभूत शासकीय कार्य’ म्हणता येईल. १९९८ च्या एका कायद्याने त्याची व्याख्याही केली. पण ती इतकी व्यापक व लवचीक आहे की, कोणते काम तिच्यात बसते हे बहुधा काम देणारे खातेच ठरविते.

१९९० नंतरच्या दशकात शीतयुद्ध संपल्यामुळे गुप्तवार्ता संघटनांतील नोकरवर्गात मोठी कपात झाली. अनुभवी अधिकारी निवृत्त झाले आणि नवी भरती थांबली. याच काळात दूरसंचार व संगणक यांत खाजगी क्षेत्र शासनाच्या पुढे निघून गेले. संदेश चोरून ऐकणे व संकेतलिपी उलगडणे हे काम करणाऱ्या एनएसए या राष्ट्रीय सुरक्षा संघटनेने २००१ च्या जुलैमध्ये आपली अंतर्गत संगणक व दूरध्वनी व्यवस्था दहा वर्षांसाठी, २०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेच्या कंत्राटाने, खाजगी कंपन्यांच्या गटाकडे सोपविली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे दहशतवादी हल्ले झाले. एकाएकी अरबी, पुश्तू, दरी जाणणारे दुभाषी, विश्लेषक, संगणकतज्ञ व चौकशी-अधिकारी हजारोंच्या संख्येने हवे झाले. काँग्रेसने पैसा भरपूर दिला. पण कायम नोकरांच्या संख्येवर मर्यादा होती व कंत्राटावरील माणसांवर तशी मर्यादा नव्हती. त्यामुळे जागा नसलेल्या पण पैसा असलेल्या खात्यांनी स्वाभाविकपणेच कंत्राटाची वाट धरली.

यातून एक विचित्र चक्र निर्माण झाले. सरकारी खर्चाने प्रशिक्षित झालेला व गोपनीयतेचा परवाना मिळालेला अधिकारी नोकरी सोडून अधिक पगारावर कंपनीत जाई आणि कंपनी त्याला त्याच खात्याकडे अधिक दराने भाड्याने देई. आपल्याच नोकरांसाठी आपल्याला आपल्याच कंत्राटदारांशी स्पर्धा करावी लागते, अशी कबुली २००६ मध्ये गुप्तवार्ता संघटनांच्या मनुष्यबळविषयक अधिकृत आराखड्यातच देण्यात आली. सीनेटच्या गुप्तवार्ता समितीने २००७ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार एका शासकीय कर्मचाऱ्यावर वर्षाला सरासरी सु. १,२६,५०० डॉलर, तर गाभ्याच्या कामातील एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर सु. २,५०,००० डॉलर खर्च होत होता. निवृत्तिवेतन वाचते व काम संपताच माणूस कमी करता येतो, हा कंत्राटपद्धतीच्या बाजूचा युक्तिवाद अल्पकालीन कामापुरता खरा आहे. परंतु तेच माणूस त्याच मेजावर वर्षानुवर्षे बसते तेव्हा त्यातील काटकसर उरत नाही.

व्याप्ती : या विषयावरील लेखनात दोन आकडे वारंवार येतात व त्यांची गल्लतही वारंवार होते. २००७ मध्ये एका अधिकृत सादरीकरणातून असे उघड झाले की, गुप्तवार्तेच्या अंदाजपत्रकापैकी सु. ७० टक्के रक्कम कंत्राटांवर खर्च होते. यात उपग्रहांपासून इमारतींपर्यंत सर्व काही येते. ७० टक्के हेर भाडोत्री आहेत, असा त्याचा अर्थ होत नाही. प्रत्यक्ष मनुष्यबळात कंत्राटी कर्मचाऱ्यांचे प्रमाण २००८ मध्ये सु. २७ टक्के असल्याचे राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने सांगितले. वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने जुलै २०१० मध्ये दोन वर्षांच्या शोधानंतर प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत १,२७१ शासकीय संघटना व १,९३१ खाजगी कंपन्या दहशतवादविरोध, अंतर्गत सुरक्षा व गुप्तवार्ता यांसंबंधीच्या कामात गुंतल्याचे आणि अतिगोपनीय परवाना असलेल्या सु. ८,५४,००० लोकांपैकी २,६५,००० कंत्राटदारांकडील असल्याचे म्हटले होते. शासनाच्या हिशेब-तपासणी कार्यालयाने जानेवारी २०१४ मध्ये आठ मुलकी गुप्तवार्ता घटकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा कर्मचाऱ्यांची संख्या, खर्च व कामाचे स्वरूप यांविषयीची माहिती विश्वासार्ह नसल्याचे आढळले. आपल्यासाठी किती खाजगी माणसे काय काम करतात, हे खुद्द शासनालाच नीट सांगता येत नव्हते.

कैद्यांची चौकशी : कंत्राटपद्धतीचे सर्वांत गंभीर परिणाम याच क्षेत्रात दिसून आले. इराकमधील अबू घ्रेब येथील तुरुंगात २००३ च्या अखेरीस अमेरिकन सैनिकांनी कैद्यांचा केलेला छळ एप्रिल २००४ मध्ये छायाचित्रांसह उघड झाला. तेथे चौकशी-अधिकारी सीएसीआय या कंपनीने व दुभाषी टायटन या कंपनीने पुरविले होते. हे चौकशी-अधिकारी कोणत्या कंत्राटाखाली आले, याचा शोध घेता ते संगणक व माहिती-तंत्रविषयक सेवांच्या एका जुन्या, सर्वसाधारण कंत्राटाखाली घेतल्याचे आढळले. त्या कंत्राटाची व्यवस्था अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याचे ॲरिझोना राज्यातील एक कार्यालय पाहत होते. येथे हे सांगितले पाहिजे की, त्या देशातील अंतर्गत व्यवहार खाते म्हणजे आपल्याकडील गृहखाते नव्हे. सार्वजनिक जमिनी, राष्ट्रीय उद्याने व मूळ रहिवाशांचे प्रश्न हे त्याचे विषय होत. अशा खात्यातील खरेदी-अधिकारी बगदादजवळच्या तुरुंगातील चौकशीवर देखरेख कशी ठेवणार होता ? सैन्याच्या महानिरीक्षकाने जुलै २००४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार ३१ कंत्राटी चौकशी-अधिकाऱ्यांपैकी ११ जणांना लष्करी चौकशीपद्धतीचे औपचारिक प्रशिक्षण मिळालेले नव्हते.

कायद्यातील पोकळी याच प्रकरणाने उघडी पाडली. सैनिकांना लष्करी न्यायसंहिता लागू होती व ११ सैनिकांना शिक्षा झाल्या. परदेशात संरक्षण खात्याबरोबर काम करणाऱ्या मुलकी व्यक्तींवर अमेरिकन न्यायालयात खटला चालविण्याची तरतूद २००० च्या कायद्यात होती. परंतु येथे कंत्राट संरक्षण खात्याचे नव्हे, तर दुसऱ्याच खात्याचे होते. ही त्रुटी ऑक्टोबर २००४ मध्ये दुरुस्त करण्यात आली. कंत्राटदारांच्या एकाही माणसावर त्या तुरुंगातील छळाबद्दल फौजदारी खटला झाला नाही. दिवाणी मार्ग फार लांबला. टायटन कंपनी ज्या उद्योगसमूहात विलीन झाली होती, त्याच्या एका उपकंपनीने ७१ इराकी कैद्यांना एकूण ५२.८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सीएसीआयने आरोप नाकारले. तिच्याविरुद्ध २००८ मध्ये दाखल झालेला दावा अनेकदा अपिलात जाऊन आला. पहिल्या सुनावणीत ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातील ज्यूरीने तीन फिर्यादींना एकूण ४.२ कोटी डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. छळाची घटना व हा निर्णय यांत एकवीस वर्षांचे अंतर होते.

सीआयएच्या गुप्त तुरुंगांतील चौकशीची पद्धतच मुळी दोन कंत्राटी मानसशास्त्रज्ञांनी आखली होती. सीनेटच्या गुप्तवार्ता समितीने डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाच्या सारांशानुसार, जेम्स मिचेल व ब्रूस जेसेन या दोघांना त्यापूर्वी प्रत्यक्ष चौकशीचा अनुभव नव्हता, तसेच अल् कायदाविषयी विशेष ज्ञानही नव्हते. २००५ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली व २००९ मध्ये कंत्राट संपुष्टात येईपर्यंत तिला ८.१ कोटी डॉलर मिळाले. २००८ मध्ये या चौकशी-कार्यक्रमातील सु. ८५ टक्के मनुष्यबळ कंत्राटी होते. पद्धत आखणारे, ती वापरणारे व ती परिणामकारक ठरली की नाही याचे मूल्यमापन करणारे बऱ्याच अंशी तेच होते, हा समितीचा आक्षेप विशेष महत्त्वाचा आहे. कारण आपल्याच मालाची पारख विक्रेत्याने करावी, असा हा प्रकार होता. या दोघांविरुद्ध कैद्यांनी व एका मृत कैद्याच्या वारसाने लावलेला दावा ऑगस्ट २०१७ मध्ये तडजोडीने मिटला. फौजदारी शिक्षा झाल्याचे एक उदाहरण मात्र आढळते. अफगाणिस्तानातील असदाबाद येथे जून २००३ मध्ये कैद्याला मारहाण केल्याबद्दल डेव्हिड पसारो या सीआयएच्या कंत्राटदारास २००६ मध्ये दोषी ठरविण्यात आले. तो कैदी कोठडीतच मरण पावला होता.

प्रत्यक्ष कारवाईतही कंत्राटदार शिरले. अल् कायदाच्या नेत्यांना ठार मारण्याच्या एका योजनेसाठी सीआयएने २००४ मध्ये ब्लॅकवॉटर या कंपनीची मदत घेतल्याचे २००९ मध्ये उघड झाले. ती योजना अंमलात आली नाही. त्याच वर्षी ३० डिसेंबरला अफगाणिस्तानातील खोस्त येथील तळावर आत्मघातकी हल्ल्यात सीआयएसाठी काम करणारे जे सात अमेरिकन मारले गेले, त्यांतील दोघे या कंपनीचे होते. जोखीमही कंत्राटदारांनी वाटून घेतली, हे विसरता येत नाही. लाहोर येथे २७ जानेवारी २०११ रोजी रेमंड डेव्हिस या सीआयएच्या कंत्राटदाराने भर रस्त्यात दोघांना गोळ्या घालून ठार मारले. राजनैतिक संरक्षण त्याला लागू आहे की नाही, यावर दोन्ही देशांत तीव्र वाद झाला व अखेर मृतांच्या नातेवाइकांना ‘दियत’ म्हणजे रक्तमोल देऊन मार्चमध्ये त्याची सुटका झाली.

विश्वासार्हतेची तपासणी : गुपिते हाताळणाऱ्या माणसाचे चारित्र्य व पूर्वेतिहास पडताळून पाहण्याचे कामही अमेरिकन शासनाने बऱ्याच अंशी कंत्राटावर दिले होते. यूएसआयएस ही यातील सर्वांत मोठी कंपनी. मूळच्या एका सरकारी शाखेतून १९९६ मध्ये ती निर्माण झाली. २००८ ते २०१२ या काळात सु. ६,६५,००० पडताळण्या पुरेशी तपासणी न करताच पूर्ण झाल्याचे तिने दाखविले, असा आरोप न्यायखात्याने जानेवारी २०१४ मध्ये केला. काम जितके लवकर हातावेगळे होईल तितका पैसा लवकर मिळत असल्याने अपुऱ्या फायली पुढे ढकलण्याकडे कल होता. २०१५ मध्ये कंपनीने किमान ३ कोटी डॉलरांच्या येण्यावर पाणी सोडून प्रकरण मिटविले. पुढे २०१९ मध्ये पडताळणीची संपूर्ण जबाबदारी संरक्षण खात्याच्या एका संघटनेकडे देण्यात आली.

एडवर्ड स्नोडेन याची २०११ ची पडताळणी याच कंपनीने केली होती. तो आधी सीआयएचा कर्मचारी होता. नंतर डेल व २०१३ मध्ये बूझ ॲलन हॅमिल्टन या कंपन्यांच्या वतीने हवाई बेटांवरील एनएसएच्या केंद्रात तो काम करीत होता. बूझ ॲलनकडील त्याची नोकरी तीन महिन्यांचीही झाली नव्हती. त्याने बाहेर नेलेल्या कागदपत्रांतून दूरध्वनी व आंतरजालावरील जगभरच्या संदेशवहनावर ठेवल्या जाणाऱ्या पाळतीचा तपशील जून २०१३ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्याला देशद्रोही मानावे की लोकहितदक्ष, याविषयी मतभेद कायम आहेत. २०२२ मध्ये त्याला रशियाचे नागरिकत्व मिळाले. येथे त्याची कृती उदाहरणादाखल घेतली ती एवढ्यासाठी की, यंत्रणेच्या किल्ल्या कोणाच्या हाती असतात, हे तिने दाखवून दिले. कनिष्ठ दर्जाचा वाटणारा संगणकव्यवस्थापक प्रत्यक्षात विश्लेषकांहूनही अधिक पाहू शकत होता. तथापि कंत्राटी माणूसच गुपिते फोडतो, असा निष्कर्ष काढणे अयोग्य ठरेल. सोव्हिएट संघाला व नंतर रशियाला गुपिते विकणारे ॲल्ड्रिच एम्स व रॉबर्ट हॅन्सेन हे दोघेही शासनाचे कायम अधिकारी होते. निष्ठेच्या दृष्टीने दोन्ही वर्गांत मूलतः फरक आहे, असे सिद्ध झालेले नाही. फरक आहे तो उत्तरदायित्वाच्या मार्गात. अधिकाऱ्याला वरिष्ठ थेट आज्ञा देऊ शकतो, बदलू शकतो, शिक्षा करू शकतो. कंत्राटी कर्मचाऱ्याच्या बाबतीत हे सर्व कंपनीमार्फत व कराराच्या मजकुरात जेवढे लिहिले असेल तेवढ्यापुरतेच होते.

बूझ ॲलनचे उदाहरण दुसऱ्याही कारणाने बोधक आहे. १९१४ मध्ये व्यवस्थापन-सल्लागार म्हणून स्थापन झालेल्या या कंपनीला मार्च २०१३ अखेरच्या वर्षात सु. ५७६ कोटी डॉलर प्राप्ती झाली; ती जवळजवळ सर्व शासनाकडून आली व तिच्यातील सु. २३ टक्के गुप्तवार्ता संघटनांकडून. माइक मकॉनेल हे १९९२–९६ मध्ये एनएसएचे संचालक, नंतर या कंपनीत अधिकारी, २००७–०९ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक व पुन्हा याच कंपनीत अधिकारी होते. यात बेकायदेशीर काही नाही. पण कोणते काम बाहेर द्यावयाचे हे ठरविणारे व ते काम घेणारे एकाच वर्तुळातील असले, म्हणजे ‘अंगभूत शासकीय कार्य’ या मर्यादेचा अर्थ कोण व कशा दृष्टीने लावतो, हे स्पष्ट होते.

नियंत्रण : सीनेट व प्रतिनिधिगृह यांच्या गुप्तवार्ता समित्या अनुक्रमे १९७६ व १९७७ मध्ये स्थापन झाल्या, त्या शासकीय संघटनांच्या गैरकृत्यांवर अंकुश ठेवण्यासाठी. खात्याच्या प्रमुखाला त्या जाब विचारतात. उपकंत्राटदाराच्या उपकंत्राटदारापर्यंत त्यांची नजर सहसा पोहोचत नाही. अबू घ्रेबनंतर काही सुधारणा झाल्या. २०१० या आर्थिक वर्षाच्या संरक्षणविषयक कायद्याने सैन्याच्या ताब्यातील कैद्यांची चौकशी कंत्राटदारांनी करण्यास काही अपवाद सोडून मनाई केली. सप्टेंबर २०११ मधील धोरणपत्राने गुप्तवार्ता व प्रतिगुप्तवार्ता कारवायांचे मार्गदर्शन व नियंत्रण हे अंगभूत शासकीय कार्य असल्याचे नमूद केले. मात्र ‘नियंत्रण’ शासनाकडे व त्याच्या ‘साहाय्याची’ कामे कंत्राटदाराकडे, अशी विभागणी कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी ती कचेरीत राहत नाही. अहवालाचा मसुदा, त्याला आधारभूत माहितीची निवड व संगणकव्यवस्था ही तिन्ही कंत्राटदाराची असली, तर अखेरची सही करणाऱ्या अधिकाऱ्याजवळ ती पारखण्याइतके स्वतंत्र ज्ञान असावे लागते. जाणकार नोकरवर्ग घटत गेल्याने हे ज्ञानच दुर्मिळ झाले. एनएसएने २००२ मध्ये खाजगी कंपनीकडे सोपविलेली ‘ट्रेलब्लेझर’ ही संदेश-विश्लेषणाची महत्त्वाकांक्षी योजना कित्येक कोटी डॉलर खर्चून २००६ मध्ये सोडून द्यावी लागली.

अलीकडे कंत्राटाचे आणखी एक रूप पुढे आले आहे. माणसे भाड्याने घेण्याऐवजी तयार माहितीच विकत घेतली जाते. भ्रमणध्वनीवरील उपयोजनांतून गोळा होणारी व्यक्तींच्या ठावठिकाणाची माहिती दलालांकडून कोणालाही विकत मिळते. भ्रमणध्वनी कंपनीकडील अशा जुन्या नोंदी मागविण्यासाठी न्यायालयाचे अधिपत्र हवे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. पण बाजारातून खरेदी केलेल्या माहितीचा प्रश्न त्यातून सुटला नाही. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांसाठी तयार झालेल्या व जून २०२३ मध्ये खुल्या केलेल्या अहवालातही या खरेदीमुळे जवळजवळ प्रत्येक व्यक्तीची खाजगी माहिती शासनाच्या हाती येऊ शकते, असा इशारा दिला आहे. उपग्रह छायाचित्रांच्या बाबतीतही मे २०२२ मध्ये अमेरिकेने मॅक्सार, प्लॅनेट व ब्लॅकस्काय या कंपन्यांशी दहा वर्षांपर्यंतचे करार केले. युक्रेनच्या युद्धात अशी छायाचित्रे मोलाची ठरली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकन शासनाने आपल्या योजनेतून युक्रेनला मिळणारी छायाचित्रे काही काळ थांबविली, तेव्हा उपग्रह खाजगी असले तरी कळ सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या हाती राहते, हे दिसून आले.

भारत : भारतात गुप्तवार्ताकार्य गुप्तवार्ता विभाग (आयबी), संशोधन व विश्लेषण शाखा (रॉ) व राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना यांसारख्या शासकीय संघटनांकडे आहे. खाजगी उद्योगाचा सहभाग मुख्यत्वे साधनांच्या पुरवठ्यात दिसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या अवकाशातून टेहळणी करण्याच्या योजनेतील ५२ उपग्रहांपैकी ३१ खाजगी कंपन्यांनी बांधावयाचे आहेत. खाजगी सुरक्षा संस्थांच्या नियमनासाठी २००५ चा कायदा आहे. खाजगी गुप्तहेरसंस्थांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक मात्र संमत झाले नाही. ‘पेगॅसस’ या इझ्राएली कंपनीच्या पाळतसाधनाच्या कथित वापराबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. आयबी व रॉ या संघटना संसदेच्या कायद्याने निर्माण झालेल्या नाहीत आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारी संसदीय समितीही नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी त्यासाठी लोकसभेत मांडलेले अशासकीय विधेयक संमत झाले नाही. त्यामुळे उद्या त्यांच्या गाभ्याच्या कामात कंत्राटदार आले, तर अमेरिकेत अपुऱ्या ठरलेल्या समित्या, हिशेब-तपासणी व जाहीर अहवाल यांच्याइतकीही चौकट भारतात त्यांना लागू करण्यासाठी उपलब्ध नाही.